विश्लेषण : संत एकनाथांचे ‘शरीराबाद’ नेमके काय होते? भारुडातल्या सोंगाचा चवदार तळ्याशी काय संबंध?

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. संत एकनाथांच्या समाधीच्या या तिथीला पैठणमध्ये वारकरी जमतात. २० मार्च हा महाडच्या चवदार तळे सत्याग्रहाचा दिवस. त्या दिवशी रायगड जिल्ह्यातील महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी तळ्यावर येतात. २०२५ मध्ये हे दोन्ही दिवस एकाच तारखेला आले.

हा पंचांगाचा योगायोग असला तरी त्यामागे एक जुना वाद आहे. एकनाथांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराच्या, फकिराच्या, सासुरवाशिणीच्या भूमिकेत शिरून भारुडे रचली. शरीराचा एक आख्खा काल्पनिक परगणा उभा केला. आज ‘टेबलटॉप रोलप्ले’ खेळणारी तरुण मंडळी जे करतात, त्याच्याशी हे काम बरेच जुळते. पण दुसऱ्याची भूमिका कितीही मनापासून वठवली, तरी ती ज्याची आहे त्याच्या वाट्याला काय येते? हा प्रश्न चवदार तळ्याने उभा केला आणि बाबासाहेबांनी एकनाथांचे नाव घेऊन तो मांडला. हे सगळे समजून घेण्यासाठी आधी एकनाथांचे आयुष्य पाहावे लागेल.

एकनाथ कोण होते?

एकनाथांचा जन्म पैठणचा. जन्मसालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बहुतेक ठिकाणी १५३३ हे साल दिले जाते. घराणे वारकरी परंपरेतले. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती पंढरपूरला परत आणण्याचे श्रेय परंपरा ज्यांना देते, ते संत भानुदास हे एकनाथांचे पणजोबा.

वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी यांचे छत्र लहानपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने नातवाला वाढवले. गुरूच्या शोधात हा मुलगा कोवळ्या वयातच घरातून निघाला आणि देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला पोहोचला, असे चरित्रकार सांगतात.

तिथे भेटलेले जनार्दनस्वामी मठात राहणारे साधू नव्हते. ते मूळचे चाळीसगावचे देशपांडे आणि निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचा कारभार पाहणारे अधिकारी होते. देवाची उपासना आणि सरकारी दप्तर दोन्ही एकाच छपराखाली चालत होते. एकनाथ दोन्ही शिकले.

देवगिरीवर काय घडले?

या काळातल्या दोन कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. पहिली हिशेबाची. गुरूंनी दप्तराचे काम दिले होते आणि एका पैचा मेळ लागत नव्हता. एकनाथ रात्रभर दिव्यापुढे वह्या चाळत बसले. चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली आणि गुरूंना जाग आली.

दुसरी कथा चिलखताची. जनार्दनस्वामी ध्यानाला बसले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आल्याची खबर आली. एकनाथांनी गुरूंना उठवले नाही. त्यांचे चिलखत स्वतः अंगावर चढवले, घोड्यावर बसून फौजेसोबत लढले आणि परत आल्यावर सगळे काही जागच्या जागी ठेवून दिले. झाल्या प्रकाराबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

दोन्ही कथा परंपरेने जपलेल्या आहेत. त्यांना समकालीन कागदोपत्री पुरावा नाही. तरी एकनाथांच्या पुढच्या लेखनातली दोन वैशिष्ट्ये या कथांत दिसतात. एक, कारभाराची बारीक जाण. दुसरे, दुसऱ्याचा पोशाख चढवून त्याचे काम चोख करणे आणि मग तो पोशाख उतरवून ठेवणे.

पैठणला परतल्यावर त्यांनी काय केले?

तीर्थयात्रा करून एकनाथ पैठणला आले. गिरिजाबाईंशी लग्न झाले. मुलगा हरिपंडित आणि मुली गोदावरी व गंगा असा संसार झाला. पुढे कवी म्हणून नाव मिळवणारे मुक्तेश्वर हे त्यांचे मुलीकडून नातू.

लेखनाचा आवाका मोठा होता. ‘रुक्मिणी स्वयंवर’ १५७१ मध्ये पूर्ण झाले. पैठणला सुरू झालेले ‘एकनाथी भागवत’ १५७३ मध्ये काशीत संपले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही मराठी टीका. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि अखेर ग्रंथाचा सन्मान केला, असे परंपरा सांगते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथात कुणी आपल्या ओव्या घुसडू नयेत, असा इशाराही दिला.

घरातही सगळे सुरळीत नव्हते. संस्कृतात पारंगत झालेल्या हरिपंडिताला वडिलांनी मराठीत पुराण सांगणे आणि कुणाच्याही घरी जेवणे पटत नव्हते. तो रुसून काशीला गेला. त्याला परत आणताना एकनाथांनी या दोन्ही गोष्टी सोडण्याची अट मान्य केली आणि काही काळ पाळलीही. पुढे मुलाचे मन पालटले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे खालच्या मानलेल्या लोकांत मिसळण्याची किंमत एकनाथांना स्वतःच्या घरातही मोजावी लागली होती.

भारूड म्हणजे काय?

ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी होते, तर भारुडे सगळ्या गावासाठी. भारूड म्हणजे वरवर एक अर्थ आणि आत दुसरा अर्थ असलेले, सोंग घेऊन सादर करायचे पद. एकनाथांच्या आधीच्या संतांचीही अशी रूपके आहेत, पण हा प्रकार घराघरात पोहोचवला तो एकनाथांनी. त्यांच्या नावावर सुमारे सव्वाशे विषयांवरची तीनेकशे भारुडे सांगितली जातात.

या भारुडांतली पात्रांची यादी पाहिली तर सोळाव्या शतकातले गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पहाटे फिरणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, गोंधळी, पोतराज, कोल्हाटीण, फकीर, आंधळा, बहिरा, मुका. विंचू चावल्याने तळमळणारा माणूस आहे. त्याचा विंचू म्हणजे काम-क्रोध. सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागत देवीला नवस बोलणारी सून आहे. नवऱ्याच्या दारिद्र्याला वैतागलेली बायको आहे. हिंदू आणि तुर्क यांचा कडाक्याचा वाद आहे. तो शेवटी गळाभेटीने मिटतो.

या प्रत्येक पात्राला स्वतःची भाषा आहे. फकीर बोलतो तेव्हा हिंदुस्थानी शब्द येतात, सासुरवाशीण बोलते तेव्हा बायकांच्या बोलण्यातली धार येते. शेवटी मात्र बहुतेक ठिकाणी ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा येते. ‘एका’ म्हणजे एकनाथ, ‘जनार्दन’ म्हणजे गुरू. इथे पात्र थांबते आणि सोंग घेणारा पुढे येऊन आपली ओळख सांगतो.

आजच्या रोलप्ले खेळाशी याचे काय साम्य?

‘स्ट्रेंजर थिंग्स’ ही मालिका पाहिलेल्यांना तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुले आठवतील. ती खेळत असतात तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकाराला ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ म्हणतात.

यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. त्या पात्राची ताकद, कमजोरी, स्वभाव एका कागदावर लिहिलेला असतो. एक जण सूत्रधार असतो. तो नगर, रस्ते, तिथली माणसे यांचे वर्णन करतो. पुढे काय करायचे हे खेळाडू ठरवतात आणि ते जमले की नाही हे बरेचदा फासे ठरवतात. मुरलेले खेळाडू प्रसंग आला की मी काय केले असते, असा विचार करत नाहीत. या पात्राने, त्याला जेवढे माहीत आहे तेवढ्यावरून काय केले असते, असा विचार करतात.

भारूड हा असा खेळ नाही, हेही स्पष्ट आहे. त्यात फासे नाहीत, शेवट आधीच ठरलेला असतो आणि प्रेक्षक कथा बदलू शकत नाहीत. साम्य आहे ते तीन गोष्टींत. दुसऱ्याच्या नजरेतून बोलणारे पात्र आहे. त्या पात्राभोवती नियमांनी चालणारे जग आहे. आणि पात्र व ते वठवणारा माणूस यांच्यातले अंतर शेवटपर्यंत विसरले जात नाही.

‘शरीराबाद’ कुठे आहे?

यातल्या दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे काल्पनिक जगाचा, उत्तम नमुना एकनाथांच्या ‘अर्जदस्त’ या भारुडात सापडतो. अर्जदस्त म्हणजे वरिष्ठांकडे पाठवलेला लेखी अर्ज. हे भारूड हुबेहूब सरकारी कागदासारखे लिहिलेले आहे. फारसी मायना, हुद्दे, परगण्याचे नाव, सगळे जागच्या जागी.

परगण्याचे नाव शरीराबाद आणि किल्ल्याचे कायापुरी. सरकारच्या हुकमाने तिथे कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे जीव, त्याचा कारकून म्हणजे बुद्धी. जिवाजी आणि बुधाजी अशी त्यांची नावे. अर्जातली तक्रार साधी आहे. हुकूम घेऊन आलो, काम सुरू केले, पण इथले वतनदार काही चालू देत नाहीत.

हे वतनदार कोण? दंभाजी शेट्ये, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी. नावे वाचून हसू येते, पण हुद्द्यांचे वाटप पाहिले की त्यामागचा विचार कळतो. देशमुख हा परगण्याचा वसुली प्रमुख. इथे ते पद मनाला दिले आहे, कारण प्रत्येक इंद्रियाकडून वसुली मनच करते. देशपांडे हिशेब ठेवतो. इथे माझे-तुझे लिहून ठेवणारी ममता त्या जागी आहे. शेट्ये आणि महाजन पेठेचे मानकरी. बाजारात दिखावा आणि वासना यांचीच चलती. नाईकवाडी हत्यारबंद पहारेकरी. ते काम क्रोधाकडे.

पुढे परगण्यातल्या गावांची हालहवाल येते. गावांची नावे कान, नाक, तोंड अशा अवयवांवरून पडलेली आहेत आणि एकेक गाव ओस पडत चालले आहे. म्हातारपणाचे हे वर्णन महसूल खात्याच्या अहवालासारखे कोरडे आहे, म्हणूनच अंगावर येते. शेवटी वरून बोलावणे येणार आहे ते यमाजीपंतांचे.

काल्पनिक नगर रचणाऱ्यांना नकाशाआधी काही प्रश्न सोडवावे लागतात. इथे कर कोण गोळा करतो? पहारा कुणाचा? हुकूम कुणाचा आणि खरी सत्ता कुणाची? शरीराबादमध्ये या सगळ्यांची उत्तरे आहेत. निजामशाहीत नेमणूक झालेला अधिकारी आणि पिढीजात वतनदार यांची रस्सीखेच एकनाथांनी देवगिरीच्या दप्तरात पाहिली असणार. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला ती रोजच्या अनुभवाची होती. त्यामुळे वेगळे समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

महाराची भूमिका महत्त्वाची का?

गावगाड्यात महाराकडे गावाची राखण, निरोप पोहोचवणे, सरकारी माणसांना वाट दाखवणे अशी कामे होती. गावाच्या शिवा त्याला ठाऊक असत. गाव ज्याच्या भरवशावर चालायचे, त्याला गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता.

वरिष्ठांना तो करायचा त्या नमस्काराला ‘जोहार’ म्हणत. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांनी जोहार लिहिले. ते स्वतः महार होते. एकनाथांनीही अनेक जोहार रचले. फरक इतकाच की एकनाथ ब्राह्मण होते आणि हे त्यांनी घेतलेले सोंग होते.

हे सोंग टिंगलीचे नव्हते. इतर सोंगांत पात्र बहुधा चुकलेले असते आणि ऐकणाऱ्याने शहाणे व्हायचे असते. महाराच्या सोंगात महारच शहाणा असतो. ब्राह्मण आणि महार यांच्या संवादाच्या भारुडात ब्राह्मण तावातावाने अंगावर येतो आणि महार शांतपणे त्याला देहाचे, शुद्धतेचे आणि देवाचे तत्त्वज्ञान समजावतो. त्या काळात पैठणसारख्या कर्मठ गावात ब्राह्मणाने असे लिहिणे सोपे नव्हते.

एकनाथांच्या वागण्याच्या कथाही प्रसिद्ध आहेत. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेऊन घरी पोहोचवले. श्राद्धासाठी रांधलेले अन्न भुकेल्या अस्पृश्य कुटुंबांना वाढले. रामेश्वरासाठी कावडीतून आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. अठराव्या शतकातल्या महिपतींसारख्या चरित्रकारांमुळे या कथा सर्वदूर पोहोचल्या.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरे राहिले. ते पुढे शिष्य गावबाने पूर्ण केले, असे सांगितले जाते.

मग चवदार तळ्यावर काय घडले?

एकनाथांच्या निधनानंतर ३२८ वर्षे उलटली, तरी सावित्री नदीकाठच्या महाडमध्ये अस्पृश्यांना सार्वजनिक तळ्याचे पाणी घेता येत नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर हक्क होता, पण तळ्यावर तो बजावण्याची कुणाची छाती नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात हे लोक शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी गोमूत्र-शेण मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

बाबासाहेबांचा एकनाथांवर आक्षेप काय होता?

या दरम्यान एकनाथ रुपेरी पडद्यावर आले. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते गांधीजींची आठवण करून देणारे असल्याने सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. अस्पृश्यांना जवळ करणारे एकनाथ हा चित्रपटाचा गाभा होता.

बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात गांधीजींच्या टीकेला उत्तर देताना या चित्रपटाचा उल्लेख केला. त्यांचे म्हणणे असे, की एकनाथांनी अस्पृश्यांना शिवण्याचे आणि त्यांच्यासोबत जेवण्याचे धैर्य दाखवले ते अस्पृश्यतेला विरोध म्हणून नव्हे. त्यातून लागणारा विटाळ गंगेच्या स्नानाने धुऊन निघतो, अशी त्यांची समजूत होती. यासाठी त्यांनी ‘एकनाथी भागवता’चाच आधार घेतला. त्यांचा व्यापक मुद्दा असा, की संतांनी देवापुढे सगळे सारखे असल्याचे सांगितले. माणसामाणसांत सगळे सारखे, यासाठी त्यांनी लढा उभारला नाही.

भारुडाच्या भाषेत सांगायचे तर आक्षेप पोशाखावर नाही. तो उतरवता येतो की नाही, यावर आहे. एकनाथ महाराचे सोंग घेत आणि शेवटी आपल्या नावाने परत येत. महाडच्या माणसाला असे परत येण्यासाठी दुसरे नाव नव्हते. जोहारातला महार ब्राह्मणाला ब्रह्मज्ञान सांगून जिंकत असे, पण भारूड संपल्यावर खरा महार पाणवठ्यापासून दूरच उभा असे.

मग भारुडांचे मोल कमी होते का?

हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. एक बाजू सांगते, की सोळाव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकाचा मापदंड लावू नये. तथाकथित खालच्या माणसाच्या तोंडी शहाणपण घालणे हेच त्या काळात मोठे पाऊल होते. दुसरी बाजू म्हणते, की त्या पावलाने ऐकणाऱ्याचे मन हलले असेल, पण पाणवठ्याचा नियम हलला नाही. नियम बदलायला ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय लागले.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय भारुडाने मराठी माणसाला लावली. त्या सवयीची मर्यादा चवदार तळ्याने दाखवली.

पुढच्या काळात भूमिकाही बदलल्या. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे सुरू केले. गाणे, सोंग, सवाल-जवाब ही लोकांच्या ओळखीची साधने त्यांनी घेतली आणि गावोगावी हक्कांची गोष्ट सांगितली. शतकानुशतके ज्यांचे सोंग दुसरे घेत होते, ते आता स्वतः मंचावर होते. काय बोलायचे हेही तेच ठरवत होते.